वऱ्हाड निघालंय लंडनला

मराठवाडी बोलीतील सुविख्यात विनोदी एकपात्री नाट्यप्रयोग. लेखक व नट डॉ. लक्ष्मण देशपांडे (मृत्यू 2009) हे औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठात नाट्यशास्त्र विभागाचे प्रमुख होते. पहिला प्रयोग 1979 साली झाला. खेड्यातील वऱ्हाड विमानाने लग्नासाठी लंडनला जाते, एवढेच काय ते कथासूत्र. परंतु त्या मिषाने अवघे गाव रंगभूमीवर उभे राहते, आणि त्यातील 52 पात्रे एकच नट वठवितो. 2004 साली गिनीज ग्रंथात या विक्रमाची नोंद झाली.

या प्रयोगाचे खरे सामर्थ्य बोलीत आहे. 1948 पर्यंत निजामाच्या अमलाखाली राहिलेल्या या मुलखात दफ्तर व शाळा उर्दूच्या हाती होती. नांदेडच्या पूर्वेस तेलुगू आणि लातूरकडील उदगीर-निलंग्यास कन्नड शेजारी नांदत होती. आणि या सर्वांच्या सहवासातून घडलेली, ‘मी जायलो’, ‘ती करायली’ असे सहज म्हणणारी मराठी पुण्या-मुंबईच्या नाटकांत बहुधा गावंढळ नोकराच्या तोंडीच ऐकू येई. देशपांडे यांनी तिला नायिकेचे आसन दिले, आणि या एका गोष्टीसाठी मराठवाडा त्यांचा कायमचा ऋणी राहील. खांद्यावरचे वस्त्र डोक्यावर ओढले, आवाज किंचित कापरा केला, की पाठीत वाकलेली म्हातारी समोर येते. तेच वस्त्र खाली येताच छाती काढून बोलणारा पुढारी तिला उत्तर देतो, आणि रंगमंचावर माणूस एकच आहे याचे भान प्रेक्षकास राहत नाही.

ही कला निराधार उपजलेली नव्हे. बहुरूप्याचे सोंग, कीर्तनकाराचे आख्यान आणि तमाशातील बतावणी यांचे संस्कार या मातीवर पूर्वापार आहेत. नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातील माळेगावी खंडोबाच्या यात्रेत तमाशाचे फड आजही उभे राहतात, आणि तेथील सोंगाड्या समोर बसलेल्या पाटलासही सोडीत नाही.

एकट्याने उभे राहून हसविणाऱ्याचे प्राक्तन सर्वत्र सारखे नसते. अमेरिकेत लेनी ब्रूस या विनोदवीरावर अश्लीलतेचे खटले झाले, 1964 साली न्यूयॉर्कमध्ये तो दोषी ठरला आणि 1966 साली वारला. त्याच्या वादग्रस्त जीवनावर ज्यूलियन बॅरी याने लिहिलेले ‘लेनी’ हे नाटक 1971 साली ब्रॉडवेवर आले. तेथे हसविणारा स्वतःच नाट्यविषय झाला; येथे तो बावन्न माणसांच्या आड स्वतःस विसरून गेला. ब्रूसचा विनोद समाजाच्या दांभिकतेवर प्रहार करणारा होता. देशपांडे यांचा विनोद आपल्याच आप्तांच्या भोळेपणावर, हट्टावर आणि बढाईवर प्रेमाने बोट ठेवणारा आहे, आणि म्हणूनच ज्यांची थट्टा झाली तेच प्रेक्षागृहात सर्वांत मोठ्याने हसले.

देशपांडे यांच्या निधनानंतर बीड जिल्ह्यातील माजलगावचे अभिनेते संदीप पाठक यांनी हा प्रयोग पुन्हा रंगभूमीवर आणला.