यंत्रमाग कामगारांचे श्रवणसंरक्षण

यंत्रमाग कामगारांचे श्रवणसंरक्षण म्हणजे मागांच्या सततच्या गोंगाटापासून कामगारांची ऐकण्याची क्षमता टिकवण्यासाठी योजले जाणारे उपाय. कानात बसवायचे इअरप्लग हे त्यांतील सर्वांत स्वस्त व सुटसुटीत साधन होय. महाराष्ट्रात सोलापूर, इचलकरंजी, भिवंडी व मालेगाव या यंत्रमाग केंद्रांच्या दृष्टीने हा विषय महत्त्वाचा आहे.

पार्श्वभूमी

सोलापुरात १८७०च्या दशकात पहिली कापडगिरणी उभी राहिली. पुढे गिरण्या बंद पडल्या, तरी चादरी व टॉवेल विणणारे यंत्रमाग शहराच्या पूर्व भागात आणि अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत चालू राहिले. या व्यवसायात तेलुगू भाषक पद्मशाली समाजाचा मोठा वाटा आहे. धोटा फेकणाऱ्या दांड्याचा आघात आणि धोट्याची पेटीवर होणारी धडक यांमुळे माग खडखडतो. एका छपराखाली अनेक माग चालू असल्यास आवाज सहज ९० डेसिबलच्या वर जातो.

श्रवणहानी

अंतर्कर्णातील शंखाकृती कर्णावर्तात सूक्ष्म रोमपेशी असतात. माणसात त्या एकदा नष्ट झाल्या की पुन्हा निर्माण होत नाहीत. हानीचा आरंभ बहुधा ४,००० हर्ट्झच्या आसपास होत असल्याने ती लवकर ध्यानात येत नाही. पाळी संपल्यावर कानात दडे बसणे किंवा गुणगुण ऐकू येणे ही तिची पूर्वसूचना असते. पुढे ‘स’, ‘श’ यांसारखे वर्ण निसटू लागतात. ‘सात’ की ‘हात’ हे कळत नाही. बोलणे ऐकू येते, पण उमगत नाही.

सुरक्षित कालमर्यादा

प्रचलित शिफारशीनुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तासांपर्यंत चालतो आणि दर ३ डेसिबल वाढीमागे ही मुदत निम्मी होते. त्यामुळे ९७ डेसिबलला ती अवघी अर्धा तास उरते. म्हणजेच अशा शेडमध्ये इअरप्लग अर्धा तास काढून ठेवला, तरी दिवसभराची मर्यादा तेवढ्यातच संपते.

इअरप्लगचा वापर

फोमचा इअरप्लग स्वच्छ हातांनी वळून बारीक करावा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर व मागे ओढावी, इअरप्लग आत सरकवावा आणि तो फुगेपर्यंत सुमारे अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवावा. सैल बसलेला इअरप्लग वेष्टनावर छापलेल्या आकड्यापेक्षा बराच कमी आवाज रोखतो. साध्या कापसाचे बोळे पुरेसे संरक्षण देत नाहीत. कान वाहत असल्यास किंवा पडद्याला छिद्र असल्यास वैद्यकीय सल्ल्याशिवाय इअरप्लग वापरू नये.

कायदेशीर तरतुदी

कारखाने अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत गोंगाटजन्य श्रवणहानीचा सूचनीय व्यावसायिक रोगांत समावेश करण्यात आला. कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम, १९२३ मध्येही तिला व्यावसायिक रोग मानले गेले. मात्र ठरावीक संख्येपेक्षा कमी कामगार असलेले लहान घटक कारखाना या व्याख्येत बसत नाहीत.

मर्यादा

इअरप्लग हा अखेरचा उपाय मानला जातो. मागांची वेळच्या वेळी दुरुस्ती व वंगण, बिनधोट्याचे माग आणि कामाच्या पाळ्यांत बदल हे उपाय त्याआधी येतात. दरवर्षी श्रवणचाचणी केल्यास हानी वाढण्यापूर्वीच लक्षात येते.