रस्त्यापलीकडचा दवाखाना

शाळकरी मुलीला दिवस गेले, की आपल्याकडे काय आणि अमेरिकेत काय, माणसे प्रथम तिलाच दोष देतात. ‘हिला अक्कल नको का?’ असे म्हणून मोकळी होतात. पण ती अक्कल तिला द्यायची कोणी आणि कुठे? बाल्टिमोर शहरात १९८१ साली नेमका हाच प्रश्न काही मंडळींनी हाती घेतला. त्याची हकीकत ऐकण्याजोगी आहे.

बाल्टिमोर हे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळचे जुने बंदर. जुने कारखाने बसत चालले होते आणि शहराच्या अंतर्भागातील कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत दारिद्र्य ठाण मांडून होते. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील लॉरी झॅबिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील दोन शाळा निवडल्या. एक धाकट्या मुलांची, एक थोरल्यांची. तुलनेसाठी आणखी दोन शाळा घेतल्या. तेथे नुसती पाहणीच करायची.

योजना अगदी साधी. प्रत्येक शाळेला एक समाजसेविका आणि एक परिचारिका दिलेली. त्या वर्गावर्गांत जाऊन शरीरधर्माची माहिती देत. ज्याला एकट्याने बोलायचे असेल, त्याच्याशी वेगळे बोलत. शाळा सुटली की त्याच बाया जवळच्या ‘सेल्फ सेंटर’ नावाच्या दवाखान्यात बसत. तपासणी, सल्ला, संततिनियमनाची साधने, सारे फुकट. सकाळचा ओळखीचा चेहराच दुपारी समोर दिसे, त्यामुळे संकोच गळून पडे. आणि गंमत अशी, की मुलगेही येत!

आता तुम्ही म्हणाल, अशाने पोरे बिघडायचीच. ही शंका तेव्हाही होतीच. आकडे मात्र उलटे निघाले. २८ महिन्यांत योजनेतील थोरल्या मुलींमध्ये गर्भधारणेचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी घटले. तुलनेच्या शाळांत ते ५० टक्क्यांहून अधिक वाढले. तीन वर्षे योजनेत राहिलेल्या मुलींचा पहिला शरीरसंबंधही सुमारे सात महिन्यांनी लांबला.

चार शाळांवरून साऱ्या जगाचा निकाल लावता येत नाही, हे खरे. पण माहिती मिळाली म्हणजे पोर वाहवत जाते, या समजुतीला त्या शाळांनी चांगलाच धक्का दिला.

१९८४ साली हा प्रयोग संपला. पुढच्या वर्षीच्या मुली मात्र त्याच रस्त्याने शाळेत येतच राहिल्या. दोष द्यायला पैसा लागत नाही. दवाखाना चालवायला लागतो. तो कोणी द्यायचा, हे तुम्हीआम्हीच ठरवायचे.