पदवीनंतर परदेशातील वास्तव्य : मुदतवाढीचे नियम आणि पूर्वतयारी

बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना लंडनमधील अभ्यास अर्धवट सोडून मायदेशी परतावे लागले. मात्र चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पूर्ण करण्याची परवानगी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून मिळवली होती. त्या आधारावर १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ मध्ये त्यांना डी.एस्सी. ही पदवी मिळाली. त्या काळी प्रश्न शिष्यवृत्तीचा होता, आज तो व्हिसाचा आहे. मुदत संपण्यापूर्वी परवानगीची तजवीज करण्याचे महत्त्व मात्र तसूभरही कमी झालेले नाही.

आज परदेशी शिक्षणाचा विचार केवळ मुंबई-पुण्यातील घरांतच होतो असे नाही. कापसाच्या बाजारपेठेसाठी ओळखल्या जाणाऱ्या परभणी जिल्ह्यातील मानवतसारख्या तालुक्याच्या गावातही तो होतो. अशा घरात शैक्षणिक कर्जाला बहुधा घर किंवा प्लॉट तारण असतो. बहुतेक बँकांच्या योजनांत अभ्यासक्रम संपल्यानंतर साधारण एक वर्षाने हप्ते सुरू होतात. म्हणूनच पदवीनंतर त्या देशात कायदेशीरपणे राहून काम करता येईल की नाही, यावर कुटुंबाचे सारे गणित अवलंबून असते.

व्हिसा आणि वास्तव्याचा हक्क

पुष्कळ पालक पासपोर्टवरील व्हिसाची तारीख हीच राहण्याची अंतिम तारीख समजतात. अमेरिकेच्या बाबतीत हा समज चुकीचा आहे. तेथील व्हिसा हा देशात प्रवेश मागण्यापुरता असतो. आत राहण्याचा हक्क विद्यापीठाने दिलेल्या ‘आय-२०’ या कागदावर आणि नियमांच्या पालनावर ठरत आला आहे. ही पद्धत बदलून ठरावीक मुदत घालण्याचा प्रस्ताव ऑगस्ट २०२५ मध्ये मांडण्यात आला. त्यामुळे विद्यार्थ्याने या बाबतीतील ताजा नियम विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयात विचारून घ्यावा.

अमेरिका

पदवीनंतर आपल्या विषयाशी संबंधित काम करण्यासाठी १२ महिन्यांची सवलत मिळते. तिला ‘ओपीटी’ म्हणतात. अभ्यासक्रम संपण्याच्या ९० दिवस आधीपासून ६० दिवसांनंतरपर्यंत अर्ज करता येतो. उदाहरणार्थ, अभ्यासक्रम १५ मे रोजी संपत असेल, तर १४ फेब्रुवारी ते १४ जुलै हा अर्जाचा काळ होय. मात्र विद्यापीठाने शिफारस नोंदवल्यापासून ३० दिवसांत अर्ज पोहोचावा लागतो. या १२ महिन्यांत एकूण ९० दिवसांहून अधिक काळ बेरोजगार राहता येत नाही.

विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी व गणित या ‘स्टेम’ विषयांच्या पदवीधरांना आणखी २४ महिने मिळतात. ही मुदत २००८ मध्ये १७ महिन्यांची होती, ती २०१६ मध्ये वाढवण्यात आली. यासाठी नोकरी देणारी संस्था सरकारच्या ‘ई-व्हेरिफाय’ योजनेत नोंदलेली असावी लागते आणि लेखी प्रशिक्षण आराखडा द्यावा लागतो. अर्ज पहिली मुदत संपण्यापूर्वीच करावा लागतो. परभणीच्या कृषी विद्यापीठातून पदवी घेऊन पुढील शिक्षणासाठी जाणाऱ्यांनी लक्षात घ्यावे, की कृषिशास्त्राच्या अनेक शाखा या यादीत आहेत. तरीही विषयाच्या नावावरून अंदाज न बांधता ‘आय-२०’ वरील सांकेतिक क्रमांक प्रवेश घेण्यापूर्वीच पडताळून पाहावा.

त्यापुढील टप्पा ‘एच-१बी’ चा. त्याची वार्षिक मर्यादा ६५ हजार असून अमेरिकेतील उच्च पदवीधरांसाठी आणखी २० हजार जागा आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर एक लाख डॉलर शुल्काची घोषणा झाली. देशातच राहून विद्यार्थी दर्जातून ‘एच-१बी’ मध्ये जाणाऱ्यांना हे शुल्क लागू नसल्याचा खुलासा ऑक्टोबरमध्ये करण्यात आला. तेव्हा अर्ज प्रलंबित असताना घरच्या कार्यासाठी भारतात येण्याचे ठरवण्यापूर्वी जाणकार वकिलाचा सल्ला घेणे श्रेयस्कर.

ब्रिटन, कॅनडा व जर्मनी

ब्रिटनने २०१२ मध्ये बंद केलेली पदवीनंतर काम करण्याची सवलत १ जुलै २०२१ पासून ‘ग्रॅज्युएट रूट’ या नावाने पुन्हा सुरू झाली. तिची मुदत दोन वर्षे, तर पीएच.डी.धारकांसाठी तीन वर्षे ठरवण्यात आली. १ जानेवारी २०२७ पासून केलेल्या अर्जांसाठी पीएच.डी. वगळता ही मुदत १८ महिने करण्याचा निर्णय झाला आहे. अर्ज ब्रिटनमध्ये असतानाच आणि विद्यार्थी व्हिसाची मुदत संपण्यापूर्वी करावा लागतो. विद्यापीठाने अभ्यासक्रम पूर्ण झाल्याचे गृहखात्यास कळवलेले असणेही आवश्यक आहे. या मुदतीत वाढ मिळत नाही. पुढे राहायचे असल्यास कुशल कामगारासारख्या दुसऱ्या प्रकारचा व्हिसा घ्यावा लागतो.

कॅनडात हा परवाना कमाल तीन वर्षांचा असून आयुष्यात एकदाच मिळतो. अभ्यासक्रम पूर्ण झाल्याचे संस्थेने कळवल्यापासून १८० दिवसांत अर्ज करावा लागतो. १ नोव्हेंबर २०२४ पासून भाषेच्या परीक्षेचा निकाल जोडण्याची अटही आली आहे. शिवाय प्रत्येक संस्थेचा प्रत्येक अभ्यासक्रम या परवान्यास पात्र नसतो. प्रवेशासाठी शुल्क भरण्यापूर्वीच याची खात्री न केल्यास पुढे पश्चात्तापाची वेळ येते.

जर्मनीत पदवीधराला नोकरी शोधण्यासाठी १८ महिन्यांचा वास्तव्य परवाना मिळतो. या काळात कोणतेही काम करता येते. पात्रतेला साजेशी नोकरी मिळाल्यावर ‘ईयू ब्लू कार्ड’ किंवा अन्य कामगार परवाना घेता येतो. परकीय नागरिक कार्यालयात भेटीची वेळ मिळण्यास अनेक शहरांत विलंब लागतो. परंतु जुना परवाना संपण्यापूर्वी अर्ज दाखल झालेला असेल, तर निर्णय होईपर्यंत वास्तव्य कायदेशीर राहते आणि तसे तात्पुरते प्रमाणपत्र मिळते.

घरच्यांनी करावयाची तयारी

पासपोर्टची मुदत ही सर्वांत दुर्लक्षित बाब होय. कॅनडात तर पासपोर्ट ज्या दिवशी संपतो, त्यापुढील परवाना सहसा दिला जात नाही. तीन वर्षांचा हक्क असूनही हाती कमी काळाचा परवाना पडू शकतो. पासपोर्टचे नूतनीकरण मुदत संपण्याच्या वर्षभर आधी करता येते. परदेशात असल्यास ते भारतीय दूतावासामार्फत होते, आणि त्यासाठी पोलीस पडताळणी मूळ गावी होण्याचा संभव असतो. पासपोर्टवरील पत्ता जुना असेल, तर अडचण तेथेच उभी राहते.

दुसरी बाब नावांची. ‘मानवत’ हे नाव इंग्रजीत शेवटी ‘एच’ लावून आणि न लावता, असे दोन्ही प्रकारे लिहिले जाते. नगर परिषदेचा जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि पासपोर्ट यांत जन्मस्थळाचे, वडिलांचे अथवा आडनावाचे स्पेलिंग एकसारखे आहे ना, हे मुलगा किंवा मुलगी निघण्यापूर्वीच पाहावे. दुरुस्तीचे काम येथे बसून होते. परदेशातून ते कठीण जाते.

सरकारी शिष्यवृत्ती घेतलेल्यांनी करारातील मायदेशी परतण्याची अट वाचावी. त्या देशाने मुदतवाढ दिली, तरी शिष्यवृत्तीचे बंधन त्यामुळे संपत नाही.

या सर्व देशांचे नियम वारंवार बदलत असल्याने एजंटाच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये. अभ्यासक्रम संपण्याच्या किमान सहा महिने आधी त्या देशाचे अधिकृत संकेतस्थळ पाहावे आणि प्रत्येक अंतिम तारीख कागदावर उतरवून घ्यावी. तिची एक प्रत विद्यार्थ्याजवळ असावी, तशीच एक घरच्यांजवळही असावी.