प्रथिनसंकुल : घटकांचे प्रमाण-नियमन

अनेक प्रथिने एकेकटी काम करीत नाहीत. ठरावीक संख्येत जुळून त्यांचे संकुल बनते. पेशीला घटक भरपूर असण्यापेक्षा त्यांचे परस्परप्रमाण सांभाळणे महत्त्वाचे असते. ई. कोलाय जीवाणूत एटीपी सिंथेजचे आठही घटक एकाच संदेशक आरएनएवरून बनतात, पण संकुलात कोणाची एक प्रत लागते, तर कोणाच्या दहा. 2014 मध्ये जीन-वेई ली, जोनाथन वाइसमन व सहकाऱ्यांनी दाखवले, की प्रत्येक घटकाची निर्मितीच या गुणोत्तरात होते.

मानवी रक्तात याचा सर्वांत बोलका पुरावा मिळतो. प्रौढ हीमोग्लोबिनमध्ये दोन अल्फा व दोन बीटा साखळ्या असतात. अल्फाची जनुके चार (गुणसूत्र 16), बीटाची दोनच (गुणसूत्र 11). अल्फाचा संदेशक आरएनए जास्त असतो. बीटाचे भाषांतर अधिक कार्यक्षमतेने होऊन दोहोंची निर्मिती जवळपास बरोबरीस येते. उरलेल्या थोड्या अल्फाला एक साहाय्यक प्रथिन धरून ठेवते. जनुकातील दोषामुळे बीटा कमी बनली किंवा बनलीच नाही, की हा तोल बिघडतो; हाच बीटा-थॅलसेमिया. कच्छी भानुशाली, लोहाणा व सिंधी समाजांत त्याचे वाहक बरेच आढळतात. सिंधी व लोहाणांत बीटा जनुकाचा 619 आधारकांचा तुकडा गळालेला असणे हे त्याचे एक प्रमुख कारण. आई-वडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भाला तीव्र आजाराची शक्यता 25 टक्के असते. 

हा आजार केवळ बीटाच्या तुटवड्याचा आहे, असा आक्षेप घेता येईल. तुटवडा खराच, पण तेवढ्याने रुग्णांतील फरक उलगडत नाही. अशा रुग्णात अल्फाचीही काही जनुके नसतील, तर आजार बहुधा सौम्य होतो. उलट, एरवी निरोगी राहणाऱ्या वाहकात अल्फाची जादा जनुके आली, तर त्याला रक्तक्षय होऊ शकतो. म्हणजे जोडीदाराविना उरलेली अल्फा हीच मुख्य अपायकारक ठरते: ती साकळते, पेशीपटलाला इजा करते, आणि तांबड्या पेशी अस्थिमज्जेतच मरतात. पेशी जादा प्रथिन नष्ट करू शकते, मग प्रमाणाची एवढी मातब्बरी का, हा दुसरा आक्षेप. वाहकांत ही सफाई पुरेशी पडते. तीव्र आजारात मात्र अल्फाचा साठा तिच्या आवाक्याबाहेर जातो. म्हणूनच गर्भावस्थेतील गॅमा साखळी पुन्हा सुरू करणारे उपचार आशादायक आहेत: गॅमा त्या मोकळ्या अल्फाशी जुळते, आणि जे संकुल बनते ते ऑक्सिजनही वाहते.