लाटसाहेबांच्या मंडळी

१६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी बोरीबंदरहून ठाण्याला निघालेल्या गाडीबद्दल ठाणेकराला नव्याने सांगण्यासारखे फारसे काही उरलेले नाही. साहिब, सिंध आणि सुलतान ही इंजिने, १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे, २१ तोफांची सलामी हे शाळेतली मुलेही सांगतात. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड फॉकलंड समारंभाला हजर नव्हते, हेही पुष्कळांना ठाऊक असते. ते, सरसेनापती आणि बिशप ही बडी मंडळी थंड हवेसाठी आधीच डोंगराकडे निघून गेली होती. गव्हर्नरांच्या पत्नी लेडी फॉकलंड मात्र गाडीत होत्या. रेल्वेच्या इतिहासात त्यांना एवढे एकच वाक्य मिळते.

त्यांचे माहेरचे नाव अमेलिया फिट्झक्लॅरेन्स. इंग्लंडचा राजा चौथा विल्यम आणि नटी डोरोथिया जॉर्डन यांच्या दहा अनौरस अपत्यांपैकी ही धाकटी. गाडीकडे पाठ फिरवणारे सरसेनापती लॉर्ड फ्रेडरिक हे त्यांचे सख्खे भाऊ. म्हणजे त्या दिवशी नवरा नाही, भाऊ नाही आणि सरकारच्या वतीने मानाच्या जागी बाई. गव्हर्नरच्या पत्नीला पद नाही, पगार नाही, नेमणुकीचा कागद नाही. पण साहेब नसतील तेथे सरकारची शोभा राखायची ती तिनेच. हे काम त्यांना नवे नव्हते. मुंबईला येण्यापूर्वी पती नोव्हा स्कोशियाचे लेफ्टनंट गव्हर्नर असताना त्यांनी ते केलेच होते.

१८४८ ते १८५३ या मुंबईतल्या वर्षांवर त्यांनी लिहिलेले ‘चाऊ-चाऊ’ हे दोन खंडांचे पुस्तक १८५७ साली निघाले. चाऊ-चाऊ म्हणजे फेरीवाल्याच्या पेटीतला सटरफटर माल. परळचा बंगला, मलबार पॉइंट, पुण्याजवळची दापोडी, महाबळेश्वर हे सारे त्यात आहे. राज्यकर्त्यांचा तोरा लेखणीतून अधूनमधून डोकावतो, तो पत्करूनच वाचावे लागते. तरी लॉर्ड फॉकलंड यांच्या सरकारी खलित्यांपेक्षा मला त्या काळासाठी हे पुस्तक अधिक उपयोगी वाटते. पुढच्या वर्षी, १८५८ मध्ये, त्या वारल्या.

पुढे या बिनकागदी पदाला कामे चिकटत गेली. १८८५ साली व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरिन यांनी स्त्रियांना वैद्यकीय मदत पोचवण्यासाठी निधी उभारला आणि प्रांतोप्रांती गव्हर्नरांच्या पत्नी त्याच्या कामात आल्या. त्याच सुमारास कल्याणच्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात वैद्यकाच्या शेवटच्या वर्षांत होत्या. स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टर हवी, हे त्यांनी लेडीसाहेबांच्या निधीची वाट न पाहता ठरवले होते, एवढे कल्याणकरांनी ध्यानात ठेवावे.

हे पद पत्नीचेच असते असेही नाही. गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर १८६५-६६ च्या हिवाळ्यात दक्षिण महाराष्ट्राच्या दौऱ्यावर निघाले, तेव्हा लेडी फ्रिअर इंग्लंडात होत्या. त्यांच्या जागी वीस वर्षांची मुलगी मेरी छावणीत होती. बरोबर बोलायला दुसरी बाई म्हणजे आया, ॲना लिबराटा डिसोझा. प्रवासात मेरी तिला गोष्टी सांगायला लावी, त्या उतरवून घेई. त्यातून १८६८ साली ‘ओल्ड डेक्कन डेज’ हा लोककथासंग्रह झाला. भारतीय लोककथांच्या इंग्रजी संग्रहांतला हा अगदी आरंभीचा. प्रस्तावना खुद्द गव्हर्नरसाहेबांची. पण पुस्तकातला मला सर्वांत मोलाचा भाग ॲनाच्या स्वतःच्या कहाणीचा आहे. घर ख्रिस्ती, मूळ लिंगायत. आई कामात असे, म्हणून गोष्टी आजीकडून मिळाल्या. नवरा गेल्यावर आयाची नोकरी धरावी लागली. लेडीसाहेब घरी असत्या तर मेरी बहुधा दौऱ्यावर निघाली नसती आणि या गोष्टी ॲनाबरोबरच गेल्या असत्या. गव्हर्नरांच्या घरातल्या बायकांवर लिहिताना त्यांच्या आयांकडे पाहायचे राहून जाते. असो.

स्वराज्यात लाटसाहेब राज्यपाल झाले. घटनेच्या १५८व्या कलमात त्यांच्या निवासाची, वेतनाची सोय आहे. त्यांच्या पत्नीचा किंवा पतीचा उल्लेख नाही. महाराष्ट्रात १९६२ साली विजयालक्ष्मी पंडित राज्यपाल झाल्या आणि जुना हिशेब उलटा झाला. मलबार हिलवरच्या राजभवनात प्रथमच बाई स्वतःच्या अधिकाराने राहायला आली, पण जोडीला कोणी नव्हते. पती रणजित पंडित हे मूळचे सिंधुदुर्गातल्या बांबुळीच्या घराण्यातले, बॅरिस्टर, कल्हणाच्या ‘राजतरंगिणी’चे इंग्रजी भाषांतरकार. तुरुंगात प्रकृती ढासळून १९४४ च्या जानेवारीत ते वारले. मुलगा नसलेल्या विधवेच्या वाट्याला सासरच्या संपत्तीतून काय येते, हा कडू अनुभव बाईंनी आत्मचरित्रात लिहून ठेवला आहे. सासरचे मराठी आडनाव घेऊन त्या महाराष्ट्राच्या राजभवनात आल्या, याची मराठीत कोणी फारशी दखल घेतलेली मला दिसली नाही.

राज्यपालबाईंचे पती म्हणून राजभवनात राहणारे मराठी गृहस्थ पाहायचे तर जयपूरला जावे लागते. प्रतिभाताई पाटील २००४ साली राजस्थानच्या पहिल्या महिला राज्यपाल झाल्या. त्यांचे पती देवीसिंह शेखावत अमरावतीचे. शिक्षणसंस्था चालवलेले, आमदार राहिलेले, शहराचे महापौर झालेले. लेडी फॉकलंडना निदान ‘लेडी’ म्हणता येत होते. शेखावतांना काय म्हणावे, याचे उत्तर ना राजशिष्टाचारात होते ना मराठीत. २००७ साली ते राष्ट्रपती भवनात गेले, तेव्हा वृत्तपत्रांनी इंग्रजीतून ‘फर्स्ट जंटलमन’ उसना आणला.