स्तनपंप

स्तनपंप हे हवेच्या ऋण दाबाच्या साहाय्याने स्तनदा मातेचे दूध काढण्याचे उपकरण होय. बाळ थेट अंगावर पिऊ शकत नसल्यास, माता व बाळ काही काळ एकमेकांपासून दूर राहत असल्यास किंवा दुधाची निर्मिती टिकवून ठेवायची असल्यास त्याचा उपयोग केला जातो. स्तनपंप हाताने, बॅटरीवर किंवा विजेवर चालतात. प्रत्येक स्तनदा मातेला पंपाची आवश्यकता नसते. बाळ व्यवस्थित पीत असेल आणि माता सतत त्याच्याजवळ असेल, तर पंपावाचून काही अडत नाही.

इतिहास

अमेरिकेत ऑर्वेल नीडहॅम यांना १८५४ मध्ये स्तनपंपाचे एकस्व मिळाले. बुद्धिबळपटू व अभियंता एडवर्ड लास्कर यांनी १९२० च्या दशकात विजेवर चालणारा पंप तयार केला. स्वीडिश अभियंता आयनार एग्नेल यांनी १९५० च्या दशकात दाबाची मर्यादा व लय यांचा अभ्यास करून स्तनाला इजा न करणारा पंप विकसित केला. सुरुवातीची विद्युत यंत्रे प्रामुख्याने रुग्णालयांत असत. घरगुती वापराचे लहान विद्युत पंप विसाव्या शतकाच्या अखेरीस प्रचारात आले.

कार्यपद्धती

स्तनावर नसराळ्याच्या आकाराचा भाग बसवतात, त्यास फ्लँज म्हणतात. पंप ठरावीक लयीत दाब कमी करतो व पुन्हा पूर्ववत करतो. त्यामुळे स्तनाग्र फ्लँजच्या नळीत ओढले जाते आणि दूध झडपेतून बाटलीत उतरते. मात्र दूध केवळ ओढीमुळे येत नाही. स्तनाग्राला मिळालेल्या उत्तेजनामुळे ऑक्सिटोसिन हे संप्रेरक स्रवते व त्याच्या प्रभावाने दूध वाहू लागते, यालाच पान्हा फुटणे म्हणतात. वेदना, भीती व ताण यांमुळे पान्हा अडखळतो. म्हणून अनेक विद्युत पंपांत प्रारंभी जलद व हलकी, तर पान्हा फुटल्यानंतर संथ व खोल ओढ देण्याची सोय असते.

प्रकार

रबरी फुग्याचा पंप: मोटारीच्या जुन्या भोंग्यासारखा फुगा दाबून चालवला जाणारा हा पंप स्वस्त असतो. परंतु त्यात दाबावर नियंत्रण राहत नाही, दूध फुग्यात शिरते आणि फुग्याचा आतील भाग नीट धुता येत नाही. त्यामुळे बाळाला पाजण्याचे दूध काढण्यासाठी तो योग्य मानला जात नाही.

हस्तचालित पंप: यात दांडी दाबून ओढ निर्माण करतात. वीज लागत नाही व आवाजही अल्प असतो. अधूनमधून वापरण्यास तो सोयीचा असतो, मात्र रोज अनेकदा वापरल्यास हात दुखू शकतो.

विद्युत पंप: हा एकेरी किंवा दुहेरी असतो. दुहेरी पंपाने दोन्ही स्तनांतील दूध एकाच वेळी काढता येत असल्याने वेळ वाचतो.

बहुवापरकर्ता पंप: एकाच यंत्रावर अनेक मातांना स्वतःचा स्वतंत्र संच जोडून दूध काढता यावे अशी याची रचना असते. तो रुग्णालयांत वापरला जातो. विक्रेते अशा पंपांना ‘हॉस्पिटल ग्रेड’ म्हणतात. मात्र अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासन या संज्ञेला मान्यता देत नाही.

निवडीचे निकष

वापराचे कारण: निवडीत हा निकष सर्वांत महत्त्वाचा ठरतो. क्वचित बाहेर जाणाऱ्या मातेस हस्तचालित पंप पुरतो. नोकरीवर रुजू होणाऱ्या व दिवसातून अनेकदा दूध काढणाऱ्या मातेस दुहेरी विद्युत पंप उपयुक्त ठरतो. अपुऱ्या दिवसांचे बाळ नवजात अतिदक्षता कक्षात असल्यास प्रसूतीनंतर शक्य तितक्या लवकर दूध काढण्यास प्रारंभ करणे व रात्रीसह चोवीस तासांत किमान आठ वेळा दूध काढणे आवश्यक असते. अशा वेळी रुग्णालयातील बहुवापरकर्ता पंप अधिक योग्य असतो. पहिल्या एक-दोन दिवसांतील चीक दाट व अल्प असल्याने तो पंपाच्या भागांना चिकटून वाया जातो; म्हणून तो हाताने काढणे श्रेयस्कर असते.

फ्लँजचे माप: स्तनाग्राचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजून त्याहून किंचित मोठ्या नळीचा फ्लँज निवडतात. अनेक पंपांसोबत २४ मिमीचा फ्लँज येतो, पण तो प्रत्येकीस योग्य असतोच असे नाही. माप लहान असल्यास स्तनाग्र घासले जाते, मोठे असल्यास भोवतीचा गडद भागही आत ओढला जातो.

दाब: ओढ कमी-अधिक करता येणे आवश्यक असते. जास्त ओढीने जास्त दूध येते हा समज चुकीचा आहे. वेदना होणार नाहीत एवढीच ओढ ठेवली जाते.

बंद रचना: दूध व मोटार यांच्यामध्ये पडदा असलेल्या पंपात दूध नळीत किंवा मोटारीत शिरत नाही व बुरशीचा धोका कमी होतो. एका मातेसाठी बनवलेला पंप दुसरीने वापरू नये, असा सर्वसाधारण वैद्यकीय सल्ला आहे.

देखभाल: सर्व भाग सुटे होऊन धुता येणे, झडपा व पडदे स्थानिक बाजारात मिळणे आणि वीजपुरवठा खंडित होणाऱ्या भागात बॅटरीची सोय असणे, या बाबीही विचारात घेतल्या जातात.

हाताने दूध काढणे

दूध काढण्याच्या पद्धतींवरील २०१६ च्या कॉक्रेन आढाव्यानुसार लवकर सुरुवात, विश्रांती, मालीश, शेक व हाताने दूध काढणे हे अल्पखर्चाचे उपाय काही बाबतींत मोठ्या विद्युत पंपाइतकेच किंवा अधिक परिणामकारक ठरू शकतात. पंपाने निघालेल्या दुधावरून मातेला दूध पुरेसे येते की नाही, हे ठरवता येत नाही. तसेच स्तनांना सूज असताना वारंवार पंप केल्यास दूधनिर्मिती वाढून त्रास बळावू शकतो.

स्वच्छता व साठवण

अमेरिकेत २०१६ मध्ये एका अपुऱ्या दिवसांच्या बाळाला क्रोनोबॅक्टर जिवाणूचा गंभीर संसर्ग झाला. त्याचा संबंध दूषित स्तनपंपातून काढलेल्या दुधाशी आढळला. दुधाच्या संपर्कात येणारे भाग प्रत्येक वापरानंतर स्वतंत्र भांड्यात साबण व गरम पाण्याने धुऊन हवेवर पूर्ण वाळवले जातात. लहान व अशक्त बाळांसाठी ते रोज उकळून निर्जंतुक करतात.

काढलेले दूध २५ अंश सेल्सियस किंवा त्याखालील तापमानात ४ तास, तर ४ अंशांवर शीतकपाटात ४ दिवसांपर्यंत ठेवता येते. उणे १८ अंशांवर गोठवलेले दूध सुमारे ६ महिन्यांत वापरणे उत्तम मानतात. महाराष्ट्रात उन्हाळ्यात खोलीचे तापमान २५ अंशांहून बरेच अधिक असल्याने दूध तत्काळ थंड करणे महत्त्वाचे ठरते. वितळलेले दूध पुन्हा गोठवत नाहीत. हे दूध बाटलीऐवजी वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजता येते.

भारतातील स्थिती

मातृत्व लाभ अधिनियमातील २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची सवेतन रजा लागू झाली. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांत पाळणाघर व तेथे दिवसातून चार वेळा जाण्याची मुभा बंधनकारक आहे. जागतिक आरोग्य संघटना पहिले ६ महिने निव्वळ स्तनपानाची शिफारस करते. रजा व हा कालावधी जवळपास सारखाच असला, तरी रजेचे काही आठवडे प्रसूतीपूर्वी घेतल्यास सहा महिने पूर्ण होण्याआधीच कामावर परतावे लागते व दूध काढून ठेवण्याची गरज निर्माण होते. ज्या स्त्रियांना सवेतन रजा मिळत नाही, त्यांच्यासाठी हाताने दूध काढण्याचे कौशल्य अधिक उपयोगी ठरते.

मुंबईतील शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये आशियातील पहिली मानवी दूध पेढी सुरू झाली.

हेसुद्धा पाहा

स्तनपान
मानवी दूध पेढी
कांगारू मातृसेवा