जुगलबंदी म्हणजे भांडण नव्हे, मंडळी!

महापालिकेत दोन पुढारी एकमेकांवर तुटून पडले की दुसऱ्या दिवशीचा मथळा ठरलेला: "सभागृहात रंगली जुगलबंदी". बातमीदारीत निम्मं आयुष्य गेलं, हा मथळा किती वेळा वाचला त्याची गणती नाही. दरवेळी वाटतं, या शब्दावर अन्याय होतोय.

भांडणासाठी आपल्याकडे घरचा शब्द आहे की. कलगीतुरा! शाहिरांचे दोन फड समोरासमोर, एक कलगीवाला, एक तुरेवाला. एकानं कोडं घालायचं, दुसऱ्यानं सोडवायचं, नाही सुटलं तर मान खाली. तिथं हार-जीत आहे. जुगलबंदीत ती नाही. जुगल म्हणजे युगल, जोडी. दोघं एकत्र बांधलेले, म्हणून जुगलबंदी.

आता थोडा इतिहास.

आपल्या मैफलीत पूर्वापार एक उतरंड असायची. मधे मुख्य कलाकार, बाजूला साथीदार. सारंगी, पेटी, तबला, सगळ्यांनी मुख्य माणसाच्या मागं चालायचं. दोन वाद्यं शेजारी-शेजारी आणि दोन्ही मुख्य, हा प्रकार लोकांसमोर रुळला तो विसाव्या शतकात. मैहरच्या बाबा अल्लाउद्दीन खाँसाहेबांनी आपला मुलगा अली अकबर सरोदवर आणि शिष्य रविशंकर सतारीवर तयार केले. डिसेंबर १९३९ मध्ये रविशंकर सतार घेऊन लोकांसमोर पहिल्यांदा बसले, तेच अली अकबर यांच्यासोबत जुगलबंदीला. पुढं या जोडीनं हा प्रकार जगभर नेला.

पण मला सांगायचंय ते दुसऱ्या जोडीबद्दल, कारण त्यातला एक आपला मराठी माणूस आहे. पं. विष्णु गोविंद जोग. आपल्या आळंदी-चऱ्होली पट्ट्यात "जोग" म्हटलं की डोळ्यांसमोर येतात ते विष्णुबुवा जोग महाराज, ज्यांनी १९१७ मध्ये आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली. हे जोग वेगळे. यांचा जन्म १९२२ चा. हे व्हायोलिनवाले. डॉ. रातंजनकरांकडे शिकले, लखनौला शिकवलं, आकाशवाणीत नोकरी केली आणि अखेर कोलकात्यात स्थिरावले. ३१ जानेवारी २००४ ला तिथंच गेले.

या जोगांची जोडी जमली बनारसच्या उस्ताद बिस्मिल्ला खाँसाहेबांशी. व्हायोलिन आणि सनई.

जरा विचार करा, ही दोन वाद्यं कोण? सनईची जागा नगारखान्यात, देवळाच्या किंवा वाड्याच्या दारावर. मंगल कार्याला ती हवीच, पण आतल्या मैफलीत तिला पाट नव्हता. आणि व्हायोलिन तर साता समुद्रापलीकडचं, साहेबाचं वाद्य. आपल्या हिंदुस्थानी संगीतात ते रुळवायला गजाननबुवा जोशींसारख्यांना घाम गाळावा लागला. म्हणजे एक दाराबाहेरचं, दुसरं देशाबाहेरचं. आणि हीच दोघं मैफलीच्या मधोमध बसली. कुणी कुणाचा साथीदार नाही.

हे जमलं कसं? इथं खरी गोम आहे. दोन वाद्यं एकत्र वाजायची तर दोघांचा "सा" एक हवा. सनईचा सूर तिच्या लांबीवर आणि भोकांवर ठरलेला. पत्तीनं, ओठांनी थोडाफार हलतो, त्याहून नाही. व्हायोलिनच्या तारा मात्र पिळता येतात. म्हणजे ज्याला सरकता येतं, त्यानं सरकायचं. सतार-सरोदचंही तेच. सतारीचा सूर साधारण थोडा वर, सरोदचा थोडा खाली. कुणाला तरी तारा ओढाव्या लागतात, कुणाला सैल कराव्या लागतात. संतूरवर मींड निघत नाही, बासरीवर सुरेख निघते. म्हणून शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया एकत्र बसत तेव्हा दोघांना पेलेल असाच राग घ्यावा लागे.

म्हणजे पहिला सूर लागण्याआधीच दोघांनी काहीतरी सोडलेलं असतं. मग आलाप आळीपाळीनं. एक वाजवतो तेव्हा दुसऱ्यानं गप्प बसून ऐकायचं, कारण पुढचं वाक्य त्याला तिथूनच उचलायचंय. शेवटी सवाल-जवाब होतात, चुरस होते, टाळ्या पडतात. पण अखेरची तिहाई दोघं मिळून घेतात आणि एकाच समेवर येतात. पुढाऱ्यांच्या भांडणात सम कुठं असते, सांगा बरं?

१ ऑगस्ट १९७१. बांगलादेशातून लाखो निर्वासित भारतात येत होते. त्यांच्या मदतीसाठी न्यूयॉर्कला मोठा कार्यक्रम झाला, त्यात रविशंकर-अली अकबर जोडी बसली, तबल्याला अल्लारखाँ. दोघं वाद्यं जुळवून थांबले, तर श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्या! त्यांना वाटलं, वाजवणं संपलं. रविशंकर हसून म्हणाले की, नुसतं जुळवणं एवढं आवडलं असेल तर वाजवणं त्याहून आवडेल. हा किस्सा आपण विनोद म्हणून सांगतो. मला वाटतं, त्या लोकांनी नकळत बरोबर ठिकाणी टाळ्या दिल्या.

आता घरचं बघू. आपल्याकडची सनई मुळात एकटी नाहीच. एक जण चाल वाजवणार, दुसरा नुसता सूर धरणार, सोबत चौघडा नाहीतर संबळ. सूर धरणाऱ्याकडं कुणाचं लक्ष नसतं, पण तो थांबला तर पहिला उघडा पडतो. गावोगावच्या गुरव, घडशी मंडळींनी हे पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलं. पुण्यात सवाई गंधर्व महोत्सवाची सुरुवात सनईनं करायची पद्धत आहे. आपल्या आळंदी रस्त्यावर मात्र लग्नसराईत एका दिवसात किती अक्षता पडतात बघा, आणि त्यातल्या किती मांडवांत माणूस सनई वाजवतोय तेही बघा. पेनड्राइव्ह लावला की झालं. सनईवाल्यांशी बोललं की एकच ऐकू येतं: आधी दुसऱ्या माणसाचे पैसे परवडेनात, मग पहिल्याचेही नकोसे झाले. डीजेला मात्र पैसे कमी पडत नाहीत.

म्हणून दोनच मागण्या. चऱ्होलीच्या देवस्थानांनी, उत्सव मंडळांनी आणि नव्या सोसायट्यांनी वर्षातून एकदा तरी जिवंत सनई बोलवावी, आणि दोघांना बोलवावं, सूर धरणाऱ्यालाही. मानधन दोघांना, नावंही दोघांची. गावकरी आणि बाहेरून आलेले आपण सगळे एकाच मांडवात बसून ऐकू.

आणि पत्रकार बंधूंनो, पुढारी भांडले तर खुशाल कलगीतुरा लिहा. जुगलबंदी हा शब्द राखून ठेवा. एखाद दिवशी ते एकमेकांचं ऐकून घेतील, तेव्हा लागेल.

तुमच्या गावच्या जत्रेत किंवा लग्नात जोडीनं वाजणारी सनई शेवटची कधी ऐकली? कमेंटमध्ये गाव आणि साल नक्की लिहा.